मागून हॉर्न वाजला तर: पुण्यात नव्यानं सायकल चालवणाऱ्यांसाठी

सायकलींचं शहर ही पुण्याची जुनी ओळख हल्ली बहुतेक वेळा कारमध्ये बसूनच सांगितली जाते. नवी सायकल घेऊन कर्वे रस्त्याला किंवा सिंहगड रस्त्याला पहिल्यांदा उतरलेल्या माणसाला ती ओळख काही भेटत नाही. त्याला भेटतो तो कोपराला चाटून गेलेला टेम्पोचा आरसा, मागून सलग वाजणारा हॉर्न आणि काच खाली करून "ए, बाजूला घे की" म्हणणारा एखादा सद्‌गृहस्थ. आठवडाभर हे झालं की नवखे लोक दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण सायकल गॅलरीत नेऊन ठेवतात आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडायला लागतात. काही जण दिसेल त्या गाडीवाल्याशी भांडायला लागतात. मला दुसऱ्या गटाची जास्त काळजी वाटते.

चालकाला शिस्त लावणं हे सायकलस्वाराचं काम नाही. घटना घडण्याआधी दिसत राहायचं, घडताना जागा काढायची आणि घडल्यावर नंबर लक्षात ठेवायचा, एवढं त्याच्या हातात असतं. पुढचं सगळं त्याच क्रमानं लिहिलं आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, पण नाशिक, नागपूर किंवा ठाण्याच्या रस्त्यावर फार वेगळं काही घडत नाही.

पहिली पायरी: चूक की खोडी, हे ओळखा

आपण ज्याला माज समजतो ते बहुतेक वेळा निव्वळ दुर्लक्ष असतं. रिक्षावाल्याला डाव्या कडेला हात केलेलं गिऱ्हाईक दिसलं की त्याच्या डोळ्यांसमोर तेवढंच उरतं, तुम्ही त्याच्या हिशेबात नसताच. कारवाल्याला वाटतं, सायकल म्हणजे हळू, हिच्या आधी मी डावीकडे वळून जाईन. तुम्ही ताशी वीस-बावीसनं येताय हे त्याच्या लक्षातच आलेलं नसतं. हा झाला पहिला प्रकार. दुसरा प्रकार घाईचा: त्याला तुम्ही दिसलेले आहात, फक्त तुमच्यामागे थांबायचं नाही. तिसरा मुद्दाम त्रास देणारा. तो संख्येनं थोडा असतो, पण लक्षात तोच राहतो आणि मग सगळेच तसे वाटायला लागतात.

ओळखायची खूण सोपी आहे. कुणी एकदा फार जवळून गेला तर त्याला दिसलं नसेल असं धरून पुढे चला. तोच पुढे जाऊन विनाकारण वेग कमी करतो, पुन्हा शेजारी येतो, पुन्हा डावीकडे दाबतो, तर ते मुद्दाम आहे. पहिल्या प्रकारावर उपाय म्हणजे दिसणं आणि रस्त्यावरची जागा. दुसऱ्यावर उपाय म्हणजे योग्य ठिकाणी वाट देणं. तिसऱ्यापासून लांब जायचं. पहिल्याला तिसऱ्याची वागणूक दिली की विसरभोळ्या माणसाचा शत्रू तयार होतो.

दुसरी पायरी: निघण्याआधी

मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा, दोन्ही दिवसासुद्धा चालू ठेवा. विशेषतः जून ते सप्टेंबर, आणि झाडांच्या सावलीच्या रस्त्यांवर. ऊन-सावलीच्या पट्ट्यांत करड्या कपड्यांतला सायकलस्वार अक्षरशः नाहीसा होतो. रात्री चकाकणारं जाकीट घाला. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे राइड, म्हणजे दोनशे, तीनशे किलोमीटरच्या बीआरएम, करणाऱ्या मंडळींना ते नियमानंच घालावं लागतं. रोज ऑफिसला जाणाऱ्यानं ते उचलायला हरकत नाही.

मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती दुचाकी मोटारगाड्यांसाठी आहे, सायकलसाठी नाही. तरीही घाला. यावर वाद घालण्यात मला रस नाही.

उजव्या हँडलला छोटा आरसा लावून घ्या. रेसिंगवाले नाक मुरडतात, मुरडू देत. घंटी पादचाऱ्यांसाठी असते. काचा वर करून एसी लावलेल्या कारमध्ये ती ऐकू जात नाही, तिथे आपला गळाच कामाला येतो. पोटातून काढलेला मोठा "ओऽऽ" दोन लेन पलीकडे पोचतो आणि त्यात शिवी नसल्यामुळे पुढचं भांडणही होत नाही. हे घरी एकदा करून पाहा. ऐनवेळी पुष्कळांचा आवाजच फुटत नाही.

ब्रेक रोज निघताना दाबून पाहायचे. समोरच्याचं वागणं आपल्या हातात नाही, ब्रेकची केबल आहे.

तिसरी पायरी: कडेला चिकटू नका

नवख्याला सगळे सांगतात, "अगदी डाव्या बाजूनं चालव." डाव्या बाजूनं, हे बरोबर. अगदी, हे चूक. रस्त्याच्या कडेला चेंबरची वर-खाली झालेली झाकणं असतात, वाळू साचलेली असते, उघडणारी दारं असतात आणि समोरून राँग साइडनं येणारी ॲक्टिव्हा असते. यातलं काहीही आडवं आलं की तुम्ही दचकून उजवीकडे सरकता, नेमके मागून येणाऱ्याच्या पुढ्यात. शिवाय तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं, याच लेनमधून आपण निघून जाऊ. मग तो अर्ध्या हातावरून निघून जातो.

कडेपासून साधारण एक मीटर आत चालवा. कडेला गाड्या उभ्या असतील तर त्या गाड्यांपासून एक मीटरपेक्षा थोडं जास्तच, कारण दार उघडल्यावर तेवढं बाहेर येतं. रस्ता अरुंद झाला, पुलाचा कठडा जवळ आला, मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले, तर लेनच्या मध्यावर या. तिथे ओलांडायला जागाच नसते, आणि कडेला राहून ती असल्याचा भास तुम्ही निर्माण करू नये. जागा मोकळी झाली की डावीकडे सरका आणि हातानं पुढे जायची खूण करा. या एका खुणेनं मागच्याचा अर्धा राग उतरतो. त्याला कळतं की तुम्ही अडवत नव्हता, जागेची वाट पाहत होता.

ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून सायकलला ओलांडताना कमीत कमी दीड मीटर अंतर ठेवावं असं लिहिलेलं आहे, ताशी तीस मैलांपर्यंतच्या वेगाला. आपल्याकडे असा आकडा नाही. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये पादचारी, सायकलस्वार, मुलं आणि वृद्ध यांच्याबाबत विशेष काळजी घ्या असं चालकांना सांगितलं आहे, पण किती काळजी म्हणजे किती फूट, ते नाही. म्हणून ते अंतर आपल्या जागेवरूनच मिळवावं लागतं.

आणि सायकल ट्रॅक? २०१७ मध्येच पुणे महापालिकेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याआधीचे आणि नंतरचे ट्रॅक तुकड्या-तुकड्यांत आहेत, आणि त्यांवर पार्किंग, वडापावची गाडी, विजेची पेटी किंवा रस्ता तुंबल्यावर दुचाक्या, यांपैकी काहीतरी हमखास सापडतं. मोकळा असेल तर जरूर वापरा. नसेल तर रस्त्यावर राहा. कुणी "ट्रॅक आहे ना तिकडे" म्हणून ओरडलं तर मान डोलवा. सिग्नलच्या तीस सेकंदांत नगरनियोजनावर चर्चा होत नाही.

चौथी पायरी: मागे पाहा, हात दाखवा

एक साधा हिशेब करू. तुम्ही ताशी अठरा किलोमीटरनं जात असाल तर सेकंदाला पाच मीटर जाता. मागची कार चाळीसनं येत असेल तर ती सेकंदाला अकरा मीटर येते. म्हणजे ती पन्नास मीटर मागे असेल तर तुमच्याजवळ पोचायला तिला आठ सेकंद लागतात. आठ सेकंदांत मागे पाहणं, हात दाखवणं आणि सरकणं आरामात होतं. तेच तुम्ही ती दहा मीटरवर आल्यावर केलंत तर दोघांच्याही हाती काही राहत नाही.

म्हणून खड्डा, उभी गाडी किंवा उजवं वळण लांबूनच हेरा आणि आधी मान वळवून मागे पाहा. आरसा असला तरी मान वळवा. मान वळलेली मागच्याला दिसते, आणि आता हा काहीतरी करणार हे ओळखून तो आपोआप वेग कमी करतो. मग उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ. लाजत-लाजत कमरेपाशी हलवलेला हात कुणाला दिसत नाही. इथे हात दाखवून अवलक्षण होत नाही, टळतं. मान वळवताना सायकल त्याच बाजूला ओढली जाते, म्हणून हे आधी मोकळ्या मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात घोटून घ्या.

पाचवी पायरी: कोण काय करणार ते आधीच ताडा

रिक्षा. प्रवासी डावीकडे दिसला की ती डावीकडे येणार आणि थांबणार. पुढच्या रिक्षाचा वेग उतरला आणि फुटपाथवर कुणी हात केला, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ब्रेकवर बोटं. थांबलेल्या रिक्षाच्या डावीकडून कधीच जाऊ नका, प्रवासी तिकडूनच उतरतो.

पीएमपीची बस (आमच्या तोंडात अजून पीएमटीच). ती तुम्हाला ओलांडते, शंभर मीटरवर थांब्यावर थांबते, तुम्ही तिला ओलांडता, ती पुन्हा तुम्हाला. ही पाठशिवणी तीन थांबे चालली की बसचा चालक आणि तुम्ही दोघंही वैतागलेले असता. थांब्यावर बस थांबली की तिच्यामागे थांबा, तिला दोन सिग्नल पुढे जाऊ द्या. डावीकडून घुसणं म्हणजे उतरणाऱ्या माणसांच्या अंगावर जाणं.

राँग साइडनं येणारा दुचाकीवाला. पुण्यात हा रोज भेटेल, तोही डाव्या कडेनं, थेट तुमच्या समोर. त्याची अपेक्षा असते की तुम्ही उजवीकडे, वाहत्या रहदारीत सरकावं. तसं करू नका. वेग कमी करा, आपली रेघ सोडू नका, गरज पडली तर पाय टेकवून सरळ थांबा. थांबलेल्या सायकलला वळसा घालायचं काम त्याचं. समोरून येणारी गाडी त्याला दिसत असते, तुम्हाला मागून येणारी दिसत नसते, त्यामुळे हे काम त्यालाच अधिक नीट जमतं. तो जाताना "दिसत नाही का?" असं तुम्हालाच विचारून जाईल. जाऊ द्या.

डंपर, काँक्रीट मिक्सर, पाण्याचे टँकर. यांच्या बाबतीत मात्र मी अजिबात सवलत देत नाही. केबिनच्या डाव्या अंगाला आणि बोनेटच्या अगदी पुढे असा पट्टा असतो जिथलं चालकाला काही दिसत नाही. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि ही लांब गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, कोपरा कापून आत येतात. सिग्नलला ट्रक उभा आहे, त्याच्या डावीकडे छान मोकळी फट आहे, तिथून पुढे जाऊन उभं राहावं असा मोह होतो. अशा फटीत माणसं मेली आहेत. ट्रकच्या मागे राहा, धूर खा, पण मागेच राहा. मागून मोठं वाहन अगदी जवळ आलं असेल तर रस्ता सोडून खाली उतरायलाही कमीपणा मानू नका.

नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार हा वेगळा विषय आहे. तिथे अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन वारंवार अपघात झाले आहेत. तिथे सायकलस्वाराचं कौशल्य कामाला येत नाही, दुसरा रस्ता कामाला येतो. द्रुतगती महामार्गावर तर सायकलला आणि दुचाकीला मुळात बंदीच आहे.

घाटांत, म्हणजे जुना कात्रज, बोपदेव किंवा सिंहगडाची चढण, चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्यानं आधी वाट द्यावी असा नियम आहे. तो सर्वांना माहीत असतो असं समजू नका. चढताना आंधळ्या वळणावर आतल्या कडेला चिकटू नका, थोडं बाहेर राहिलात तर समोरच्याला लवकर दिसता. उतरताना तुमचा वेग गाड्यांइतकाच असतो, तेव्हा लेनच्या मध्यावर राहा आणि सरळ भागात वाट द्या. रविवारी सकाळी या रस्त्यांवर दुचाक्यांची शर्यत चालते. साडेसातच्या आत खाली येणारे सुखी असतात.

पावसाबद्दल थोडक्यात. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, रिमचे ब्रेक उशिरा धरतात, आणि डबक्याच्या तळाशी काय आहे ते फक्त महापालिकेला माहीत असतं. डबक्यातून जाऊ नका. आणि मागे पाहिल्याशिवाय त्याला वळसाही घालू नका.

सहावी पायरी: हॉर्नचा अर्थ लावायला शिका

लांबून वाजलेला एक छोटा हॉर्न म्हणजे "मी येतोय". तो उपकारच समजा, विशेषतः घाटात. अगदी मागे येऊन सलग वाजवलेला हॉर्न म्हणजे "हट". या दुसऱ्याला द्यायचं उत्तर एकच: आपली रेघ सरळ ठेवणं. मागे वळून हातवारे करायला गेलात तर सायकल डोलते. घाबरून कडेला गेलात तर चेंबर. पुढे रुंद जागा दिसली की आधी सांगितलेली खूण करा आणि जाऊ द्या. जाता जाता त्यानं काही ऐकवलं तर ते त्याच्याच गाडीत राहतं.

रात्री समोरून अप्पर मारणाऱ्याकडे पाहू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, वेग उतरवा. आपला पुढचा दिवाही थोडा खाली झुकवलेला असू द्या. हल्लीचे सायकलचे दिवे समोरच्या माणसाला आंधळं करण्याइतके तगडे असतात, ही तक्रार गाडीवाल्यांची आहे आणि ती बरोबर आहे.

सातवी पायरी: मुद्दाम करणारा भेटला

आता खरा प्रसंग. कुणीतरी पुढे जाऊन ब्रेक मारतो, डावीकडे दाबत आणतो, दुचाकीवर मागे बसलेला पाठीत थाप मारतो, खिडकीतून गुटख्याची पिचकारी किंवा रिकामी बाटली येते.

आधी वेग कमी करा आणि त्याला पुढे जाऊ द्या. तुमच्यापुढे असलेली गाडी तुमच्यावर येऊ शकत नाही, आणि तिचा नंबरही फक्त मागूनच दिसतो. मग पाठलाग करू नका. पुढच्या सिग्नलला तो थांबलेला दिसेल आणि शेजारी जाऊन जाब विचारावासा वाटेल. चार गाड्या मागे थांबा. त्याच्याजवळ टनभर लोखंड आहे आणि तो तापलेला आहे.

बोनेटवर थाप मारणं, आरसा फिरवणं, चावी काढून घेणं, हे काहीही करायचं नाही. त्या क्षणापर्यंत तक्रारदार तुम्ही असता. थाप मारली की "माझ्या गाडीचं नुकसान केलं" म्हणत तो तक्रारदार होतो.

तो गाडीतून उतरलाच तर सायकल तुमच्या आणि त्याच्यामध्ये उभी धरा. हेल्मेट काढू नका. शक्य असेल तर एखाद्या दुकानापाशी किंवा पेट्रोल पंपावर जा, जिथे माणसं आणि सीसीटीव्ही असतात. आवाज खालचा ठेवा. "काका, धक्का लागता लागता राहिला, म्हणून ओरडलो," इतकं पुरे. समोरचा पंचविशीतला असला तर "दादा". त्याला काका म्हटलंत तर वेगळंच भांडण सुरू होईल. आईबहिणीवरून तो बोलला तरी तुमच्याकडून परतफेड नको. तुम्ही काय बोललात तेच नेमकं कुणाच्या तरी मोबाइलमध्ये रेकॉर्ड होत असतं. त्यानं वाट अडवली किंवा हात उगारला तर ११२ लावा, आणि लावतोय हे त्याला ऐकू जाऊ द्या.

बायका आणि मुलींच्या बाबतीत हा प्रसंग पुष्कळदा रागाचा नसून छेडछाडीचा असतो: शेरे, शेजारून संथ चालणारी दुचाकी, अंगाला हात. अशी गाडी मागे लागली तर घराच्या दिशेनं वळू नका, त्यांना पत्ता कळतो. गजबजलेल्या जागेकडे, चौकीकडे किंवा पंपाकडे जा. भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी ७८, लैंगिक छळासाठी ७५ आणि अश्लील शेरे-हावभावांसाठी ७९ ही कलमं आहेत. "नुसतं बोललाच ना?" असं कुणी विचारलं तर कलमाचा आकडा सांगितल्यानं संभाषणाचा सूर बदलतो.

आठवी पायरी: नंबर, आणि त्याचं काय करायचं

पूर्ण नंबर एकदम लक्षात राहत नाही. शेवटचे चार आकडे आधी, मग त्यापुढची अक्षरं, आणि ते मोठ्यानं म्हणत राहा. एमएच १२ पुणे, एमएच १४ पिंपरी-चिंचवड. पाटीचा रंग पाहा: पांढरी म्हणजे खासगी, पिवळीवर काळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक, हिरवी म्हणजे विजेवर चालणारी, काळीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्यानं घेतलेली. थांबल्याबरोबर फोनवर स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवा: नंबर, गाडीचा रंग आणि बनावट, ठिकाण, दिशा, वेळ, काय झालं. घरी जाऊन लिहू म्हटलं की सात आणि एक यांची अदलाबदल झालेली असते.

तक्रार कुठे करायची ते गाडीवर अवलंबून आहे. पीएमपीच्या बसबद्दल पीएमपीकडेच: बसचा नंबर, मार्ग क्रमांक, वेळ. कंपनीच्या कर्मचारी बसबद्दल थेट त्या कंपनीच्या वाहतूक विभागाला लिहा. हा मार्ग लोक विसरतात, पण माझ्या मते सगळ्यांत परिणामकारक तोच आहे, कारण कंत्राटदाराला कंपनीच्या एका मेलची जेवढी भीती असते तेवढी दंडाची नसते. स्कूल व्हॅनबद्दल शाळेला. शांतपणे, विशेषणं न लावता.

वाहतूक पोलिसांकडे नियमभंगाचे फोटो किंवा व्हिडिओ महाट्रॅफिक ॲपवरून पाठवता येतात. "फार जवळून गेला" यावर चलान निघणं कठीण. त्याच क्लिपमध्ये राँग साइड, सिग्नल तोडणं किंवा कानाला फोन दिसत असेल तर काम सोपं होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत या तिन्ही गोष्टी आणि नियमबाह्य ओव्हरटेक स्पष्टपणे आल्या आहेत. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजारांचा दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

जिवावर बेतेल असं कुणी मुद्दाम केलं असेल तर पोलीस ठाण्यात जा. बेदरकारपणे वाहन चालवण्यासाठी न्याय संहितेचं कलम २८१ आहे (जुन्या दंडसंहितेचं २७९), आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. नुसत्या शिवीगाळीची बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतात. एनसीनं चालकाला फारसं काही होत नाही, पण तोच माणूस पुन्हा तुमच्या वाट्याला गेला तर ती नोंद उपयोगी पडते. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर झीरो एफआयआर मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते.

हेल्मेटवर किंवा हँडलवर कॅमेरा लावणार असाल तर मूळ फाइल कापू नका, तिच्यावर गाणं चढवू नका. पुरावा म्हणून मूळच लागते. नंबरसकट व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकायच्या मी विरोधात आहे. दोन दिवस टाळ्या मिळतात, आणि गाडी त्या दिवशी मालकाच्या हातात नव्हतीच असं निघालं तर बदनामीचं लचांड तुमच्या गळ्यात.

धडक बसलीच तर

उठायची घाई करू नका. आधी मान, मग हातपाय. डोकं आपटलं असेल तर स्वतःच्या पायांनी चालत जाऊ नका, १०८ ला फोन करायला सांगा. मदत करणाऱ्याला घाबरायचं कारण नाही हेही त्याला सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही. चालकावर मात्र कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं बंधनकारक आहे.

एव्हाना गर्दी जमलेली असते. आपल्याकडे गर्दी बहुधा लहान वाहनाच्या बाजूनं उभी राहते, आणि दोन मिनिटांत एक गट चालकाला मारायला निघतो, दुसरा "पाचशे घ्या आणि मिटवा" म्हणतो. दोन्ही थांबवा. मारहाण झाली की तुमची केस बिघडते. आणि जागेवर पैसे घेऊन मिटवू नका, कारण अंगात वारं असेपर्यंत दुखत नाही. मनगटाचं फ्रॅक्चर संध्याकाळी कळतं, कार्बन फ्रेमची चीर पुढच्या आठवड्यात. गाडीचा नंबर, चालकाचा परवाना, विम्याचा कागद यांचे फोटो काढा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विम्याची मुदत कळते. सायकल हलवण्याआधी रस्त्यावर ती जिथे पडली तिथला फोटो. दोन साक्षीदारांचे फोन नंबर. शेजारच्या दुकानदाराला सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा, पुष्कळ ठिकाणी ते थोड्या दिवसांत पुसलं जातं.

दवाखान्यात "घसरून पडलो" असं सांगू नका, वाहनाची धडक असंच सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद, करायला लावा. मोटार अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे: ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास दोन लाख भरपाईची २०२२ ची योजना आहे. तिचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयामार्फत जातो. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा लावा. त्यासाठी लागतं ते एफआयआर, पंचनामा, एमएलसी, बिलं आणि सायकलच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक. सायकलच्या दुकानातून पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग), रिमचा डोल आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर तपासून तसं लेखी घ्या. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.